गोत्र, शाखा आणि जीएस सात

मिशिगनमधील नोव्हाय येथे मुलाकडे राहावयास आलो, तेव्हा जेथे मी वेद शिकवीत असे ती पाठशाळा सुटली तरी एक विद्यार्थिनी मला लाभली. ती म्हणजे माझी नात. ती सात वर्षांची असतानाच मी तिला अभिवादन शिकवले. दोन्ही हात कानांशी न्यावेत, आपले गोत्र, वेदशाखा आणि नाव स्वच्छ उच्चारावे आणि मग वडीलधाऱ्यांसमोर वाकावे. मुलीला हे कशासाठी, असे माझ्या एका सहाध्यायाने पत्राने विचारले होते. मी त्यांना अत्यंत नम्र आणि अत्यंत लांब उत्तर धाडले.

ॲन आर्बरच्या विद्यापीठातून पदवी घेऊन ती परतली, तेव्हा तिच्या मनात एकच नोकरी होती. येथील महासरोवरांचे पाणी तपासणारे एक केंद्रीय सरकारी कार्यालय आहे. तिला तेथेच जायचे होते. आमच्या नळाला येणारे पाणी त्याच सरोवरांचे. ज्या पाण्याने मी रोज अर्घ्य देतो, त्याची राखण माझी नात करणार, या विचारानेच मला धन्यता वाटे.

मी सहज विचारले, "एखाद्या लोकप्रतिनिधीची चिठ्ठी मिळवावी का?"

"आजोबा, नो! चिठ्ठी चालत नाही, दॅट्स द होल पॉइंट," ती हसत म्हणाली. मग तिने मला समजावले. काँग्रेस, म्हणजे येथील संसद, कायदे करते आणि पैसा मंजूर करते, राष्ट्राध्यक्ष कारभार चालवतात, न्यायालये दोघांवर नजर ठेवतात. निवडणुकीने माणसे बदलतात, पण पाणी तपासणाऱ्याला आपले काम करीत राहायचे असते. म्हणून त्याची निवड गुणांवर होते. पदांना जीएस नावाच्या पंधरा पायऱ्या असतात. ती अर्ज करीत होती सातव्या पायरीसाठी, म्हणजे जीएस सातसाठी.

अर्जासोबत एक प्रश्नावली होती. प्रत्येक कामापुढे पाच पर्याय. पहिला, 'मला हे येत नाही'. पाचवा, 'या कामात इतर लोक माझा सल्ला घेतात'. तिने दोन उन्हाळे विद्यापीठाच्या नावेतून पाण्याचे नमुने घेतले होते आणि नव्या मुलांना ते शिकवलेही होते. ती पाचव्यावर टिचकी मारणार, तोच मी म्हणालो, "बाळ, जे इतरांनी म्हणावे, ते आपण म्हणू नये. तिसरा पुरे."

तिने माझे ऐकले. सगळीकडे तिसरा.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ती पात्र होती. परंतु प्रश्नावलीत तिच्याहून अधिक गुण असलेल्यांचीच नावे पुढे पाठवण्यात आली होती. नात खोलीत जाऊन बसली. सूनबाईंनी ते पत्र दोनदा वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

"बाबा, विनय तुमचा आणि नापास ती!"

नातीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

देवाची कृपा म्हणावी, दीड महिन्याने त्याच कार्यालयाने तशीच दुसरी जागा जाहीर केली. मुदत पाच दिवसांची. नात मात्र प्रश्नावलीपाशीच अडली. "आजोबा, आय कान्ट. पाचवा लिहिला की मी बढाई मारतेय असं वाटतं. तुम्हीच शिकवलंत ना!"

दुसऱ्या दिवशी संध्येच्या शेवटी नित्याप्रमाणे मी माझे गोत्र, प्रवर, शाखा आणि नाव उच्चारले आणि तसाच थांबलो. गेली सत्तर वर्षे मी रोज स्वतःविषयी हे सांगत आलो होतो. त्यात फुशारकी कधी नव्हती. समोरच्याला आपण कोण, कोठले, काय शिकलेलो, हे सत्य कळावे एवढाच हेतू. कमी सांगितले असते, तर ते असत्यच झाले असते.

पळी तशीच हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. "चूक माझी होती," मी नातीला म्हणालो. "हा अर्ज म्हणजे अभिवादन आहे. जे खरे आहे ते पूर्ण सांग. एक अक्षर अधिक नको, एक अक्षर उणे नको."

"सो, पाचवा?"

"जेथे खरा असेल तेथे पाचवा. आणि जेथे दुसरा असेल तेथे दुसराच."

"बाबा, आधी ती पळी खाली ठेवा, फरशीवर पाणी सांडतंय," सूनबाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या.

आम्ही तिघे दोन दिवस बसलो. किती महिने, आठवड्याला किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, सारे लिहिले. एका पानाचा परिचय पाच पानांचा झाला. यावेळी नाव पुढे गेले, मुलाखत झाली आणि जागा मिळाली.

शपथविधीला घरच्यांनाही येऊ दिले. लहानसे सभागृह, एक ध्वज, सात नवे कर्मचारी. शपथ कोणा व्यक्तीच्या निष्ठेची नव्हती, राष्ट्राध्यक्षांच्याही नव्हती. राज्यघटनेचे रक्षण करीन, अशी ती होती. शेवटी ईश्वराने साहाय्य करावे, अशी प्रार्थना. ते शब्द उच्चारायचे की वगळायचे, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. नातीने ते उच्चारले आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

बाहेर बर्फ साचले होते. गाडीपाशी ती थांबली, हातमोजे काढले, हात कानांशी नेले. गोत्र सांगितले, शाखा सांगितली, नाव सांगितले; मग डोळे मिचकावून म्हणाली, "जीएस सात."

आणि ती वाकली. मी आशीर्वाद दिला, पूर्ण, एक अक्षरही उणे न ठेवता.