सातवी चिठ्ठी

त्या घरात एक खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता. पण धाकट्या बहिणीने एकदा तिच्यावर धुतलेल्या चादरींची घडी ठेवली, तेव्हा थोरलीने ती न बोलता उचलली आणि दिवसभर तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून धाकटी त्या खुर्चीला वळसा घालून केर काढायची.

"ताई, तिला एखादं नाव तरी ठेव," ती म्हणायची. "वाटेत आली की हाक मारून सरक म्हणता येईल."

थोरली हसायची आणि विषय बदलायची.

खुर्ची साधी, लाकडी. रेडिओ केंद्राचं जुनं सामान निकालात निघालं तेव्हा कुणी पंखा मागून नेला, कुणी भिंतीवरचं घड्याळ. थोरलीने ही खुर्ची मागितली. डाव्या हातावरचं पॉलिश पार उडालेलं, कारण अवघड प्रश्न आला की बहुतेक लेखक तिथंच अंगठा घासायचे.

अठ्ठावीस वर्षं ती रेडिओवर लेखकांना बोलतं करत होती. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास. स्वतः तिने कधी एक ओळ छापायला दिली नाही. रस्त्यात तिला कुणी ओळखत नसे, पण दुकानात "अर्धा किलो द्या" म्हटलं की चार माना वळायच्या. केंद्रात तिला सगळे प्रश्नबाई म्हणायचे. लेखकाचं पुस्तक ती आधी पूर्ण वाचायची, मग दहा चिठ्ठ्या करायची. एका चिठ्ठीवर एक प्रश्न, कोपऱ्यात आकडा, सगळं पेन्सिलीने.

माणसं तरी काय एकेक यायची! पानोपानी खून पाडणारे एक गृहस्थ लिफ्टला घाबरायचे, चार मजले चढून धापा टाकत यायचे. एक कवयित्री स्वतःची उशी घेऊन यायची. एका म्हाताऱ्या कादंबरीकाराला तिने विचारलं, तुमचा लिहिण्याचा दिवस कसा असतो? तो म्हणाला, "सकाळी उठून काल लिहिलेलं खोडतो. दुपारी झोपतो. संध्याकाळी खोडलेलं परत लिहितो. बायको म्हणते, अहो मग मधली झोप तेवढी खरी." या माणसांवर तिचा जीव होता. भाजून काढणारा प्रश्नसुद्धा ती असा विचारायची, की समोरच्याला वाटावं, हिने पांघरूणच घातलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. केंद्र छोटं आणि चांगला माईक एकच. तो पाहुण्याच्या तोंडाशी. प्रश्नबाईचा आवाज त्यात यायचा तो शेजारच्या घरातून आल्यासारखा. म्हणून पद्धत अशी पडली होती, की गप्पा संपल्या, पाहुणे गेले, की माईक हिच्याकडे वळवायचा आणि हिने रिकाम्या खुर्चीकडे बघत तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. मग टेप जोडणारे कात्रीकाका तिचे मूळचे पुसट प्रश्न कापून काढायचे आणि हे नवे स्वच्छ प्रश्न तिथं चिकटवायचे. पहिला प्रश्न, पहिलं उत्तर. दुसरा प्रश्न, दुसरं उत्तर.

नवीन माणूस चुकून दार उघडायचा तर आत बाई रिकाम्या खुर्चीला गोड आवाजात विचारते आहे, मान डोलावते आहे, हसतेसुद्धा आहे. तो दचकायचा. काचेपलीकडून कात्रीकाका म्हणायचे, "घाबरू नका हो. खुर्ची उत्तर द्यायला लागली की मी सांगेन तुम्हाला."

नाटकवाल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. तालमीला समोरचा नट आलेला नसतो, तरी त्याच्या मोकळ्या जागेकडे बघत प्राण ओतून वाक्य टाकावं लागतं. जागा भरून काढायची ती आपल्या डोळ्यांनी. प्रश्नबाईला ते सुरेख जमायचं. एकदाच जमलं नाही.

तो लेखक अकरा पुस्तकांचा धनी होता, पण लोक त्याला पहिल्याच पुस्तकाने ओळखायचे. सव्विसाव्या वर्षी लिहिलेलं ते पुस्तक त्याच्या मानगुटीवरून उतरायला तयार नव्हतं. नंतरची दहा जणू त्याने लिहिलीच नव्हती. सहा प्रश्न झाले. सहाव्याचं उत्तर देताना त्याने पिशवीतून ते पहिलं पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्याच्याकडे तो अशा नजरेने बघत होता, की प्रश्नबाईने सातवी चिठ्ठी तशीच खाली ठेवली आणि न लिहिलेला प्रश्न विचारला, "हे पुस्तक लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटतं का कधी?"

तो हसला. पुस्तकावर तळहाताने थापा मारत म्हणाला, "वाटतं ना. रोज वाटतं. सकाळी डोळे उघडले की हे समोर. म्हणतो, कशाला जन्माला घातलं आपण? पण आता घातलंय. त्याचा काय दोष? सांभाळायचं मरेपर्यंत."

उत्तर ऐकून काचेपलीकडे कात्रीकाकांनीसुद्धा मान हलवली. आठवा, नववा, दहावा. गप्पा संपल्या आणि वीज गेली. प्रश्न पुन्हा नोंदवायचे राहिले. लेखक पुस्तक तिच्याकडेच ठेवून गेला. म्हणाला, "राहू दे तुमच्याकडे. आज एक रात्र तरी घरी नको."

तिसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. झोपेतच गेला.

साहेबांनी ठरवलं, कार्यक्रम आज संध्याकाळीच जायला हवा. माईक वळवला गेला. प्रश्नबाई खुर्चीसमोर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या खुर्चीकडे बघवेना. इतके दिवस ती रिकामी असायची. आज ती रिकामी वाटत नव्हती. तिने डोळे चिठ्ठ्यांत घातले आणि पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रश्न वाचून काढले, एका दमात, मान वर न करता. कात्रीकाकांनी घड्याळाकडे बघत, उत्तरं पुन्हा न ऐकता, दहा प्रश्न दहा उत्तरांना जोडले. आकडे बरोबर जुळले. जुळणारच. चिठ्ठ्या दहा होत्या आणि उत्तरंही दहा.

संध्याकाळी घरी तिने रेडिओ लावला. तिचाच आवाज सातवी चिठ्ठी विचारत होता, "लेखकाने संसार मांडू नये, मूल होऊ देऊ नये, असं तुम्हाला कधी वाटतं का?" आणि तो गेलेला माणूस हसून सांगत होता, "वाटतं ना. रोज वाटतं. सकाळी डोळे उघडले की हे समोर. म्हणतो, कशाला जन्माला घातलं आपण?"

लेखकाला एकच मुलगी होती. एकोणीस वर्षांची.

दुसऱ्या दिवशी प्रश्नबाई सांगायचं ठरवून केंद्रात गेली. तिथं पत्रांचा आणि फोनांचा पाऊस. असा प्रामाणिक माणूस होणे नाही, असं उत्तर काढावं ते प्रश्नबाईंनीच. साहेबांनी पाठ थोपटली. तिला ते आवडलंही, हे तिने स्वतःपासून कधी लपवलं नाही. उद्या सांगू म्हणाली. शोकसभेत मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, पायांकडे बघत. तिला गाठून सांगू म्हणाली. मुलगी मागच्या दाराने निघून गेली. कापून काढलेला खरा प्रश्न केरात गेला आणि टेपवर पुढच्याच आठवड्यात दुसरं काही भरलं गेलं. पुढे कात्रीकाकाही गेले. उद्या, उद्या करत एकतीस वर्षं झाली.

आणि खुर्ची घरी आली. दुपारी धाकटी आडवी झाली की थोरली तिच्यासमोर बसायची. कधी नुसती. कधी ओठ हलायचे. एकदा धाकटीने झोपेचं सोंग घेऊन ऐकलं. ताई अगदी रेडिओच्या आवाजात खुर्चीला म्हणत होती, "तुम्हीच सांगा ना तिला."

एका गुरुवारी चार वाजता बेल वाजली. केंद्राने जुन्या मुलाखतींचं पुस्तक काढायला घेतलं होतं. वारसांच्या सह्या गोळा करायचं काम प्रश्नबाईकडे होतं. दारात पन्नाशीची बाई उभी होती, गळ्यात दोरीला चष्मा. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची. तिची हनुवटी बघून प्रश्नबाईने दाराची कड धरली. थेट बापाची हनुवटी.

मुलगी आत आली आणि सरळ त्या खुर्चीवर बसली.

"अहो, तिथं नका..." धाकटी बोलून गेली.

"बसू दे," थोरली म्हणाली.

"सही करते मी," मुलीने पर्स उघडली. "सगळं छापा. फक्त सातवं उत्तर गाळा."

प्रश्नबाईने पेनचं टोपण पुन्हा लावलं.

"तुमचं कौतुकच आहे त्यात, मला कळतं. पण मावशी, गिऱ्हाईक समोर बसतं, मी त्याच्या डोळ्यांपुढे काचा बदलत असते, आणि ते म्हणतं, तुम्ही त्यांची मुलगी ना? काय उत्तर दिलं होतं हो त्यांनी! हे पुस्तकात आलं की माझी नातवंडंही वाचतील. तेवढं गाळा."

किती सोपं होतं! "गाळते" म्हणायचं. सही घ्यायची, चहा द्यायचा, दार लावायचं. चूक कायमची पुसली गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. फक्त मुलगी ते उत्तर पर्समध्ये घालून तशीच परत गेली असती. आणि तिचा अंगठा, तिच्या नकळत, खुर्चीच्या डाव्या हातावर घासला जात होता.

"ते उत्तर त्या प्रश्नाचं नाही," प्रश्नबाई म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. माईक, वीज, चिठ्ठ्या, कात्री. कौतुक आवडलं होतं, तेही सांगितलं. धाकटी दाराशी ट्रे घेऊन उभी राहिली ती राहिलीच.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात, मावशी. वय झालं की माणसं चांगली होतात. पण समजूत नकोय मला. एकतीस वर्षांत आईने पुष्कळ काढली."

"समजूत नाही गं. खरंच..."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

प्रश्नबाई उठली, कपाटातून त्या संध्याकाळी रेडिओवरून भरून घेतलेली कॅसेट आणि टेपरेकॉर्डर आणला, आणि लेखक ठेवून गेला होता ते जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. तिने बटण दाबलं. खोलीत तो आवाज आला. "वाटतं ना. रोज वाटतं." मुलीने डोळे मिटले.

"थापा ऐकू येतायत?"

"येणारच. चिडले की मांडीवर हात मारायचे. घरीही."

"मार तू. मांडीवर."

मुलीने मारला. मऊ, बसका आवाज. प्रश्नबाईने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. "आता यावर."

थप. कोरडा आवाज, शेवटी पोकळ. मुलीने हात तसाच ठेवला. स्वतःच कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. थप, थप. सकाळी डोळे उघडले की हे समोर. थप. तिने पुन्हा मागे नेली. डोळ्यांसमोर काचा बदलून "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" विचारण्यात तिचा जन्म गेला होता. घाई तिला माहीत नव्हती. पाचव्या वेळी तिने कॅसेट उत्तराच्या अलीकडे थांबवली.

"प्रश्न विचारा," ती म्हणाली. "खरा."

प्रश्नबाईने पदर सावरला, पाठ ताठ केली. तिचा थरथरता आवाज गेला कुठे कोण जाणे! अर्ध्या शहराने गुरुवारी कान लावून ऐकलेला आवाज खोलीत उभा राहिला. "हे पुस्तक लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटतं का कधी?"

मुलीने बटण दाबलं.

"वाटतं ना," तिच्या मांडीपासून हातभर अंतरावरून बाप म्हणाला.

यावेळी त्यातलं हसू ऐकू आलं. ते आधीही होतंच. मुलगी रडली नाही. पुस्तकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

तिने विचारलं, "मग ती चिठ्ठी? सातवी. तो प्रश्न तुम्ही त्यांना विचारलाच नाही?"

"नाही."

"म्हणजे त्याचं उत्तर..."

"नाही गं. कुणाकडेच नाही."

चिठ्ठी पुस्तकातच होती, पिवळी पडलेली. मुलगी खुर्चीवरून उठली, प्रश्नबाईच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली. चष्मा लावला. रिकाम्या खुर्चीकडे बघून हळूहळू वाचू लागली, "लेखकाने संसार मांडू नये, मूल होऊ देऊ नये, असं तुम्हाला कधी वाटतं का?"

रेडिओवरच्या माणसाला शांतता चार सेकंदांपलीकडे सोसत नाही. प्रश्नबाईने सवयीने मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग तिने मोजणं सोडून दिलं. दोघी खुर्चीच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या, जिथलं पॉलिश उडालं होतं तिथं.

"असंच छापा," मुलगी म्हणाली. "खऱ्या प्रश्नाखाली ते उत्तर. आणि हा प्रश्न वेगळा, शेवटी. त्याच्याखाली जागा कोरी सोडा."

"लोक विचारतील, चूक झाली का छपाईत?"

"झाली होती म्हणून सांगा. तुमच्या नावानिशी."

"सांगते," प्रश्नबाई म्हणाली.

मुलीने सही केली. धाकटीने ट्रे आत आणला आणि ठेवायला जागा शोधू लागली. टेबलावर कागद पसरलेले, पलंगावर कॅसेट. मोकळी होती ती खुर्चीच. ट्रे तिच्यावर ठेवायला ती वाकली आणि अवघडून ताईकडे बघू लागली.

ताई खुर्चीकडेच बघत होती, उत्तर अजून यायचं असल्यासारखी. ट्रे धाकटीच्या हातातच राहिला.