चहा अर्धा टाकून उठणारा

परीक्षित बोरकरला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तो कंपनीत नेमकं काय काम करायचा हे त्याने समजावून सांगूनही मला कळलं नाही. त्याचे मित्र कोण, तो देव मानायचा की नाही, यातलं काही मला ठाऊक नाही. शनिवारी दुपारी तो मला गाडीत घालून चहाला न्यायचा, एवढीच आमची ओळख. तेवढ्यावर एखाद्या माणसाबद्दल लिहावं का, असं वाटून मी हा कागद एकदा बाजूलाही ठेवला होता.

मी सनीव्हेलला मुलीकडे, रेणूकडे राहतो. आमच्या वरच्या मजल्यावर परीक्षित, त्याची बायको नीना आणि हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात जाणारी मुलगी अदिती. माणूस नागपूरचा, पन्नाशीकडे झुकलेला. हातात सतत गाडीची किल्ली, ती बोटाभोवती फिरवत बोलायची सवय. मी खाली बाकावर बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा येऊन म्हणाला, "काका, रिकामे आहात का? चहाला जाऊ." मला वाटलं, वर त्यांच्या घरी. तासाभराने आम्ही समुद्राकाठच्या एका गावात उतरलो.

तिथे इंग्रजी पद्धतीची टी-रूम होती. फुलाफुलांच्या कपबश्या, किटलीवर लोकरीची टोपी, आणि स्कोन नावाचा फुगीर गोडसर पाव, सोबत साय नि जॅम. परीक्षितने सगळ्याचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, अर्धा कप चहा प्यायला आणि उठला. "चला काका." माझ्या बशीत अजून अर्धा पाव होता. तो मी रुमालात गुंडाळून घेतला.

पुढे दर शनिवारी असंच. कधी डोंगरातली एखादी टी-रूम, कधी जुन्या लाकडाचा पब. पबच्या दारात मी पहिल्यांदा थबकलोच. रेणू काय म्हणेल? परीक्षित हसला. "काका, हा बार नाही. पब म्हणजे गावाची चावडी. तिकडे इंग्लंडात म्हातारे कुत्री घेऊन येतात, एका ग्लासावर दुपार काढतात. ऊठ म्हणून कुणी सांगत नाही." तो स्वतः पीत नव्हता. आल्याचं गोड पेय मागवायचा.

"मग तू तरी बस की जरा," मी म्हणालो.

बसला. पाय हलवत होता. थोड्या वेळाने गाडी नीट लावली आहे ना ते बघायला बाहेर गेला.

हे सगळं कशासाठी, ते हळूहळू कळलं. त्याची थोरली बहीण शैलजा इंग्लंडमधल्या एका खेड्यात टी-रूम चालवायची. लग्न करून तिकडे गेलेली, नवरा तिथलाच. टेबलं मोजकी, त्यातलं एक खिडकीजवळ. तिथून नदीवरचा दगडी पूल दिसतो. परीक्षितने ते कधी पाहिलं नव्हतं. पण फोनवरच्या नकाशात स्टेशनापासून बोट फिरवत तो मला इतक्यांदा घेऊन गेला होता की ती वाट मलाही पाठ झाली: पूल, चर्च, कोल्ह्याची पाटी असलेला पब, मग ताईचं दार. इथले फोटो तो तिलाच पाठवायचा आणि तिची उत्तरं पुढच्या शनिवारी गाडीत वाचून दाखवायचा. "हा स्कोन आहे का बावा? याने तर खिळा ठोकता येईल." नाहीतर, "फोटो काय पाठवून राहिला, येऊन खा ना." शेवटी दर वेळी तेच, येऊन खा ना.

येणं सोपं नव्हतं. इथे राहायचा त्याचा परवाना चालू होता, पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का कधीच संपला होता. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की आत यायला नवा शिक्का लागतो, त्यासाठी मुंबईच्या वकिलातीत तारीख घ्यावी लागते, आणि तो मिळेपर्यंत माणूस बाहेर. नोकरी कंपनीच्या मर्जीवर. म्हणून आमच्या इथली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं हलतच नाहीत. ग्रीन कार्ड आलं की जाऊ, म्हणतात. परीक्षितही तेच म्हणत आला होता. वडील नागपुरात वारले तेव्हा शैलजाताई पोचली, हा नाही. त्याने सगळं फोनवर पाहिलं. फोन कुणीतरी हातात धरून उभं होतं. "बराच वेळ नुसता पंखा दिसत होता, काका," एवढंच तो मला त्याबद्दल म्हणाला, तेही सिग्नल लाल असताना.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने गाडीत फोन वाचायला घेतला. ताईचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. आता जागामालक जागा विकणार होता, सप्टेंबरअखेर टी-रूम बंद. ते तिने आधीच कळवलं होतं. आज त्याच्या फोटोवर तिचं उत्तर होतं, "छान." बस. पुढच्या शनिवारीही "छान." येऊन खा ना हे तिने लिहिणं सोडलं होतं. बहुधा भावाला अडचणीत टाकू नये म्हणून. परीक्षितने फोन पालथा ठेवला.

मग त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. सकाळी मी चहा टाकला की डोक्यावर पावलं ऐकू यायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नीना जिन्यात रेणूला सांगायची की वकील जाऊ नको म्हणतोय, अदितीचं कॉलेज तोंडावर आलंय. मित्र म्हणायचे, थांब यार, काहीतरी बदलेल. हे ऐकण्यात त्याचे केस पिकले होते.

एका शनिवारी अदितीही सोबत होती. मी मागे, ती पुढे. कानात काहीबाही घालून बसली होती, ते काढून एकदम म्हणाली, "बाबा, जस्ट गो."

"आणि परत नाही येता आलं तर?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "देन वी'ल कम टू यू."

 आमचा फाटा मागे पडला, तरी गाडी पुढेच चालली होती. चुकलेला रस्ता सुधारून आम्ही टी-रूममध्ये पोचलो, तेव्हा त्याने मला विचारलं, काका, तुम्ही काय केलं असतं? असल्या गोष्टींतलं मला काय कळतं? काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ते खिडकीजवळचं टेबल मिळेल का तिथे?

"मिळेल," तो म्हणाला. "ती ठेवेल."

सप्टेंबरात तो गेला. नीना आठवडाभर त्याच्याशी धड बोलत नव्हती, पण निघताना वाटी घेऊन खाली आली आणि त्याच्या तळहातावर दही ठेवलं. त्याने ते उभ्या उभ्या खाल्लं आणि हात पँटला पुसला, तेव्हा ती जरा हसली.

काही दिवसांनी मला एक फोटो आला. खिडकी, बाहेर पूल, टेबलावर दोन कप. दोन्ही रिकामे, तळाशी पत्तीचे चार कण. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. 

तिथून तो मुंबईला गेला. शिक्क्यासाठी मिळालेली तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. कंपनीने काही आठवडे वाट पाहिली, मग पाहिली नाही. आता तो नागपुरात वडिलांच्या फ्लॅटमध्ये आहे. नीनाची नोकरी आणि परवाना वेगळा, म्हणून ती आणि अदिती इथे आहेत. अदितीची शाळा संपली की त्या दोघी काय ते ठरवतील. नीना म्हणते, तिथेही तो सकाळी उठून बाहेर पडतो, कुठे जातो ते सांगत नाही. शैलजाताई हिवाळ्यात त्याच्याकडे येऊन राहिली आणि त्याला म्हणाली, तू घरात असून घर दिसत नाही तुला. पण गेल्याचा पस्तावा आहे का, असं नीनाने विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. लगेच म्हणाला.

वर आता पावलं वाजत नाहीत. शनिवारी दुपारी मी खाली बाकावर बसतो खरा, पण फार वेळ बसवत नाही. उठतो, त्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारतो, पुन्हा बसतो. त्याला फोन करावा असं वाटतं. नंबर काढतो आणि ठेवून देतो.

तो निघाला त्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती, बॅग मागे ठेवून झाली होती. तो टॅक्सीत बसला, पुन्हा उतरला आणि माझ्याकडे आला.

"काका, रविवारी एकदा गाडी नुसती सुरू करून ठेवाल का? नाहीतर बॅटरी उतरते."

"ठेवतो की. किल्ली नंतर वर देऊ नीनाकडे?"

"नको. तुमच्याकडेच राहू द्या."