डावीकडे वळणारी मेंढी

मंगळवार, ता. ५ नोव्हेंबर १९४६, वडूज. पहाटे थंडी. दवाखान्यात एकवीस रोगी. हरणाबाई आली होती. नवऱ्याला आज पुन्हा झटका आला, दिवाळीपासूनचा चौथा. थोरल्या दिराने भंडारा लावला, ढोल वाजवला. त्यांचा कळप सोमवारी कोकणाकडे निघणार.

ही माझ्या रोजच्या वहीतली नोंद. माझे यजमान तेव्हा वडूजला डॉक्टर होते. दवाखान्यामागच्या रानात दर वर्षी दिवाळीनंतर धनगरांची मेंढरे आठ-दहा रात्री बसत. शेताला खत मिळे, आणि मग कळप घाट उतरून कोकणात जाई. त्यातल्या एका कुटुंबातली हरणाबाई. वय पस्तिशीच्या आसपास, उंच, काळीसावळी. आमच्या विहिरीवर पाण्याला यायची तीसुद्धा हातातल्या चातीवर लोकर कातत. मोकळे हात घेऊन ती कुठे चाललेली मी पाहिली नाही.

तिचा नवरा धुळा. श्रावणात तो मेंढरांमागे चालता चालता पडला. आधी डावा हात थरथरला, मग सगळे अंग, तोंडाला फेस आला. त्याचा थोरला भाऊ जोतीराम जवळच होता. त्याने कनवटीची हळद काढून धुळाच्या कपाळाला फासली आणि सांगितले, बिरोबा अंगात आला. त्यांच्या बापाच्या अंगातही देव येत असे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तिसऱ्या झटक्यानंतर एकाने हरवलेल्या मेंढ्याचे विचारले. धुळा ग्लानीत काहीतरी पुटपुटला, आणि मेंढा दुसऱ्या दिवशी ओढ्याला सापडला. तेव्हापासून आसपासच्या वाड्यांवरून माणसे पाया पडायला येऊ लागली.

धुळा थट्टेखोर होता. आमच्या पायरीवर बसून म्हणायचा, "बाई, मी आता देव झालोय. च्यात गूळ जरा जास्त टाका."

"देवाला चहा चालतो का रे?"

"मला काय ठावं? देव येतो तवा मी नसतो तितं."

पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने यजमानांनी त्याला एकदा नीट तपासले. घरी येऊन ते म्हणाले, मेंदूत काहीतरी आहे, मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलेच पाहिजे. जोतीरामाने ऐकून घेतले आणि तो हसला. "डाक्टर, देवाला कवा दवाखान्यात न्हेत्यात व्हय?" कळपाचा कारभार त्याच्या हातात. त्याच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नव्हते. सोमवारी कळप निघाला की मिरज मागे पडणार होती, आणि कोकणात धुळा कुठल्या झाडीत पडेल हे कोण सांगणार.

त्या मंगळवारी हरणाबाईने घागर खाली ठेवली आणि प्रथमच चाती थांबवली.

"बाई, मानूस डाव्या अंगाला वळतंय."

"म्हणजे?"

"चालाय लागलं की डावीकडंच सरकतंय. आनि ताटात डावीकडं ठिवलेली भाकरी तेला दिसतच न्हाई. मला म्हनतंय, भाकरी वाढ की. भाकरी म्होरंच असती."

मग तिने मेंढ्यांचे सांगितले. एखादी मेंढी कळप सोडते आणि एकाच बाजूला वळत राहते. पुढे पुढे जागच्या जागी गोल फिरते. चारा पुढे असला तरी खात नाही. असली मेंढी धनगर कापतात, कारण ती बरी होत नाही. कवटी फोडली की आत लिंबाएवढा पाण्याचा फोड निघतो. हरणाबाईने तो लहानपणापासून पाहिला होता.

"हे जोतीरामला सांगितलंस?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "मी? थोरल्या दिराशी बोलू? लगीन होऊन एकोनीस वर्सं झाली बाई, एक सबूद बोलले न्हाई."

त्यांच्यात तशी रीतच होती. काही सांगायचे तर पोरामार्फत सांगायचे. पोर नसेल तर कुत्र्याकडे बघून म्हणायचे, "मीठ संपलंय गं बया." मग ज्याने ऐकायचे तो ऐके. पण एवढी मोठी गोष्ट कुत्र्याला सांगून भागणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर रानात गेले. जोतीराम बाभळीखाली कातर घासत होता. हरणाबाई चार हातांवर पाठ करून उभी राहिली, पदर पार नाकापर्यंत.

"बाई, तेंस्नी इचारा, मागल्या साली ती बांडी मेंढी डावीकडं फिरत हुती, तिच्या अंगात कुठला देव आल्ता?"

जोतीरामाला ते ऐकू गेलेच होते. तरी मी मुकाट्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला फार अवघड वाटले.

"बाई, तिला सांगा, मेंढरू येगळं आनि मानूस येगळं."

"तिला सांगा" म्हणाला म्हणून मी वळून तेही सांगितले.

"तेंस्नी इचारा, भाकरी डावीकडंच का दिसत न्हाई? देव काय उजव्या डोळ्यानंच बगतो?"

जोतीरामाने कातर खाली ठेवली. "बाई, तिला म्हनावं, तोंड लय चालाय लागलंय."

"म्हनावं, चालू द्या. एकोनीस वर्सं बंदच हुतं."

माझ्या तोंडून हसू फुटले, पण जोतीराम हसला नाही. मग माझ्याकडे न बघता, सरळ हरणाबाईच्या पाठीला म्हणाला, "पोरी, मला पयल्याच दिशी कळलं हुतं."

हरणाबाई वळली.

"हात डावाच थरथरला, तवाच कळलं. धा-बारा कवट्या फोडल्या असतील मी ह्या हातानं. मला कळंना व्हय? पर असल्या मेंढराचं आमी काय करतो, तुला ठावं हाय. ते तोंडानं कसं म्हनू? म्हनून देव म्हनलो. देव म्हनलं की मानसं पाया तरी पडत्यात तेच्या."

ती पुढे आली आणि त्याच्यासमोर खाली बसली. पदर मागे सरकला होता. "मेंढराला मिरज नसती, दादा," ती म्हणाली. "तेला हाय."

शुक्रवारी धुळाला घेऊन ती दोघे सर्व्हिस मोटारने रहिमतपूरला आणि तिथून आगगाडीने मिरजेला गेले. यजमानांनी चिठ्ठी दिली होती. कळप चुलतभावांनी पुढे नेला. जोतीरामाच्या आयुष्यात कळप त्याच्याशिवाय हलल्याची ही पहिलीच वेळ.

एकोणीस तारखेला ते परतले. डोक्यात गाठ होती. फोड नव्हता, पण गाठ काढण्यासारखी नव्हती. झटक्यांवर गोळ्या दिल्या होत्या. आयुष्य फार तर वर्षभर, असे तिथल्या डॉक्टरांनी जोतीरामाला स्पष्ट सांगितले होते. झटके मात्र कमी झाले. पाया पडायला आलेल्यांना जोतीराम परत लावू लागला. "देव न्हाई, दुकनं हाय. बसा, पानी प्या, आनि जावा." एक म्हातारी फार चिडली, म्हणाली, चार दिवस मिरजेचे पाणी काय प्यालात, देव बाटवलात.

धुळाने पायरीवर बसून विचारले, "बाई, आता गूळ कमी टाकनार व्हय?"

आठवडाभराने ते कळपामागे कोकणात निघाले. धनगरांच्या घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरे असतात, जाणता माणूस बसत नाही. जोतीरामाने भांडी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि धुळाला घोड्यावर बसवले. हरणाबाई घोड्याच्या डाव्या अंगाने चालत होती. त्या बाजूची फांदी त्याला दिसली नसती.

गुरुवार, ५ जून १९४७ रोजी हरणाबाई आणि जोतीराम आमच्या दारात आले. तिच्या कपाळावर कुंकू नव्हते. धुळा फाल्गुनात चिपळूणच्या बाजूला गेला. झटक्यात नव्हे, झोपेत. आदल्या दिवशी त्याने उजव्या हाताने कोकरांना पाला घातला होता.

मी वहीत लिहायला तारीख विचारली.

"होळीच्या आदला सुक्कीरवार," जोतीराम म्हणाला.

"न्हाई वं दादा, बेस्तरवार. सुक्कीरवारी आपन वढा वलांडला."

"वढा शनवारी वलांडला."

"तुमी तवा मेंढरं मोजत हुता. तुमाला काय ठावं?"

दोघे बराच वेळ भांडले, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आणि वार काही ठरला नाही. मी वहीत फक्त फाल्गुन लिहिले. मग दोघांना जेवायला बसवले. जोतीराम आधी नको म्हणाला, नंतर त्याने चार भाकरी खाल्ल्या. हरणाबाईने दोन.

त्या संध्याकाळी मी लिहिले: ज्वारीचे पीठ संपले. उद्या दोन पायली दळायला काढायची.