बँजोची झिजलेली बटणं

शेगावच्या शंकरभाऊंकडे कुणी वाद्य घेऊन गेलं, की ते माणसाकडे बघायचेच नाहीत. वाद्याकडे बघून विचारायचे, "काय म्हनते हे?" जसं काही नाडी बघायलाच बसलेत! भजनाच्या पेट्या दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. पिंपळगाव राजाहून मी आमचा बटणांचा बँजो घेऊन गेले, तेव्हाही तोच प्रश्न. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "त्याले काय विचारता, मले विचारा! नव्यासारखा करून द्या."

बँजो माझ्या नवऱ्याचा. यांनी तो एका बँडवाल्याकडून घेतला, तेव्हाच तो बँजो म्हातारा होता. पुढे काचबिंदूनं यांची नजर गेली, भाजीचा मळा दिराकडे गेला, आणि यांच्या हातात उरला तो एवढा बँजो. गुरुवारच्या भजनात वाजवायला बसले, की माणूस पूर्वीसारखा दिसायचा. पण तारा गंजल्या होत्या, चार-दोन बटणं फुटली होती, उरलेल्यांचा रंग उडून लाकूड झिजलं होतं. मला बघवेना. हे पंधरा दिवस बहिणीकडे गेले, ती संधी मी साधली.

शंकरभाऊंनी बटणांवरून अंगठा फिरवला. "वैनी, फुटली तेवढीच बदलतो. बाकीची राहू द्या."

"काऊन? ठिगळं लावाले आणला काय? सगळीच बदला."

"वाजवनाऱ्याले विचारलं काय?"

"माह्या घरचा आहे, मले समजते!"

त्यांनी बँजो ठेवून घेतला. आठवड्यानं बँजो हाती आला तो चकचकीत, नव्या तारा, नवी शिसवी बटणं. जुनी बटणं त्यांनी पुडीत बांधून दिली आणि जपून ठेवायला बजावलं. मी घरी येऊन पुडी चुलीत टाकली. फार शहाणी ना मी!

यांनी परत आल्यावर बँजो मांडीवर घेतला. एक ओळ वाजवली, भलतेच सूर. पुन्हा वाजवली, पुन्हा भलतेच. मग बोटं नुसतीच बटणांवरून फिरत राहिली. "हा माहा नाही," म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एका बटणाचा खोल खळगा, दुसऱ्याची उडालेली कड, या खुणांवर त्यांची बोटं चालत होती. नवी बटणं सगळी एकसारखी गुळगुळीत. यांचे उरलेसुरले डोळे मी माझ्या हातानं जाळले होते. दोन गुरुवार हे भजनाला गेलेच नाहीत. "झालं आता वाजवून," एवढंच म्हणायचे.

मी शेगाव गाठलं. रडले, आणि रडता रडता शंकरभाऊंवरच ओरडले, "तुमाले समजत होतं, तं मले दटावलं काऊन नाही?" दुसरा कुणी असता तर मलाच चार शब्द सुनावले असते. शंकरभाऊंनी कानस पिशवीत टाकली आणि माझ्याबरोबर एसटीत बसले.

चार दिवस ते आमच्या ओसरीवर होते. एक बटण कानशीनं घासायचं आणि यांच्या बोटाखाली द्यायचं.

"आता?"

"अजून खोल. उजव्या अंगाले जराशी."

दुसऱ्या दिवशीच दोघांचं अहो-जाहो गळून पडलं. "अबे, इतकं खोल नसन! बटन होतं का विहीर?" शंकरभाऊ कावले आणि हे खदखदून हसले. किती दिवसांनी हसले! मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडून घेतलं.

वरच्या सुराचं शेवटचं बटण मात्र शंकरभाऊंनी तसंच सोडलं. मी म्हटलं, "भाऊ, हे राह्यलं."

"ते माह्यं काम नाही, वैनी. ते त्याचं आहे. वाजवू वाजवू झिजवन तो."

त्या गुरुवारी हे भजनाला गेले, आणि मग एकही गुरुवार चुकला नाही.

सात-आठ वर्षांनी शंकरभाऊ गेल्याचा निरोप आला.  यांनी बँजो मागितला, माझं बोट धरून त्या शेवटच्या बटणावर टेकवलं. मधोमध खळगा पडला होता.

"त्याले दाखवाले जाऊ म्हनत होतो," हे म्हणाले. "राहूनच गेलं."