उन्हाळ्यातली रेघ

आमच्या नकाशा विभागात त्यांना सगळे रेघमास्तर म्हणतात. उपग्रहाच्या चित्रावर नदीचा काठ आखायचा, मागच्या वर्षीची रेघ त्यावर ठेवायची आणि नदी कुठे सरकली ते मोजायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. पण माणूस एका जागी ठरत नाही. पाय हलतोय, पेन टकटकतंय, चहा गार होतोय. शेजारच्या टेबलावर बसून माझं डोकं उठतं.

त्यात त्यांची थोरली बहीण नदीच्या वळणावरच राहते, एकटी. दरवर्षी ते आधी तिचं घर शोधतात. निळा पत्रा, चित्रात जेमतेम दोन ठिपके. मागच्या वर्षी नदी घरापासून चांगली लांब गेलेली दिसली. मास्तरांनी लगेच फोन लावला, "ताई, दहा वर्षं बिनघोर राहा." त्या दिवशी त्यांचा पाय हलला नाही, हे मला पक्कं आठवतंय.

या सोमवारी नवीन रेघ पडली आणि मास्तर ताडकन उठले. काठ घरापासून पंचवीस मीटरवर! एका वर्षात एवढा? त्यांनी मागचं चित्र उघडलं, तारीख पाहिली: मे महिना.

पावसानंतरच्या चित्रांवर ढग होते, म्हणून त्यांनी तेव्हा उन्हाळ्यातलं घेतलं होतं. पाणी आटलेलं, काठाशी वाळूचा रुंद पट्टा. मास्तरांनी पाण्याच्या कडेने रेघ मारली आणि वाळू जमिनीत धरली. काठ आखायचा, पाणी नाही, हे आम्ही नवशिक्याला पहिल्याच दिवशी बजावतो. खरा काठ तेव्हाही घराकडेच सरकत होता.

"मला हवं तेच दिसलं," ते म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून ते बोलले. "ताई, माझं चुकलं. आजच निघ तिथून. मी गाडी घेऊन येतो."

"परसाच्या पार टोकाचं न्हाणीघर यंदाच्या पावसात नदीत गेलं, तेव्हाच बॅग भरली होती मी."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुझी झोप उडाली असती. आणि तू दहा वर्षं म्हणाला होतास ना? म्हटलं, तुला वरून सगळं दिसतं, माझेच डोळे गेले असतील. बॅग पुन्हा रिकामी केली."