गुण न दिलेली बाटली

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगाचटणी कुटत होते. सोलापूरच्या भवानी पेठेतली त्याची शेजारीण बोलत होती. "ताई, अण्णा आज उठलंच न्हाईत बगा..." एवढंच तिला सांगता आलं. मी हात धुतले, अक्कलकोटहून मिळेल ती एसटी धरली, आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की बोटांना अजून तिखटाचा वास येतोय. तिखटाच्या हातानं अण्णाच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता. त्या दिवशी तो माझ्याकडून मोडला, आणि रागवायला अण्णा नव्हता. त्याला आता सव्वा महिना होऊन गेला.

माझा हा थोरला भाऊ, मल्लिनाथ, दुधनीच्या एका तेलगिरणीत शेंगदाणे चाखायच्या कामावर होता. असंही काम असतं, हे आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. गाड्यांमधून पोती उतरायची, पोत्यात सळई खुपसून अण्णा चार दाणे काढायचा, चावायचा, डोळे मिटायचा आणि शेजारच्या पितळी पिकदाणीत थुंकायचा. मग पोत्यावर खडूनं दहापैकी गुण लिहायचा. आठच्या खाली गुण पडले तर ते पोतं गिरणीत जात नसे. एक कडू दाणा अख्ख्या घाण्याची चव घालवतो, आणि तो कडू दाणा हुडकून बाहेर काढणं हाच त्याचा जन्माचा उद्योग. तिकडचे कानडी शेतकरी त्याला 'नालगी मास्तर' म्हणायचे. नालगी म्हणजे जीभ. या जिभेपायी त्यानं मिरची सोडली, चहा सोडला, पान-तंबाखूला तर कधी शिवलाच नाही. सोलापुरात जन्मून शेंगाचटणी न खाणारा माणूस मी तो एकच पाहिला. आई त्याचं पिठलं वेगळं करायची, आजारी माणसाचं करावं तसं. दोन चवींच्या मध्ये तो भाकरीचा कोरडा पापुद्रा चावून कोमट पाण्यानं चूळ भरायचा. ही सवय इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीतही त्याच्या खिशात पापुद्रा असे. माझ्या हातच्या भाकरीला त्यानं कधी सातावर गुण दिले नाहीत.

वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. घर चालायचं ते अण्णाच्या गिरणीवर. रोज सकाळी सोलापूर स्टेशनवरून पॅसेंजर धरायची, होटगीवरून दुधनी, आणि संध्याकाळी परत. एकदा जेवताना तो सहज म्हणाला होता, "समोरच्या फलाटावर मुंबईची गाडी उभी असती की. पूल वलांडला की झालं." आई म्हणाली, "भाकरी गार व्हायलीय." विषय तिथंच संपला, पण मी काही तो विसरले नाही.

त्याचा एक शाळूसोबती होता, दिनकर. हुशार, स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेला, बिअर कशी करतात ते शिकून आला आणि मुंबईजवळच्या एका बिअरच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. कारखान्याला चव पारखणारा माणूस हवा होता आणि दिनकरला आठवला तो आमचा नालगी मास्तर. एका रविवारी भर दुपारी तो पिशवीत बाटल्या घेऊन आमच्याकडे आला. आई होटगीला मावशीकडे गेलेली. दिनकरकडे दारूचं परमिट होतं, पण ते दाखवून शेजाऱ्यांचं तोंड थोडंच बंद होतं? मी खिडक्या लावल्या आणि वास दबावा म्हणून चांगल्या चार उदबत्त्या लावल्या. अण्णा असा खवळला की बस. "शकू, इजव ते. नाक मरतंय माजं." मी निमूट विझवल्या. घरातले सहा स्टीलचे पेले राख न लावता नुसत्या गरम पाण्यानं धुवायचं कामही माझंच होतं.

दिनकरनं बाटल्यांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले होते, कुठली कुठली ते कळू नये म्हणून. पाच पेल्यांत आपल्याकडची बिअर होती. अण्णानं उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. पहिला घोट तोंडात फिरवून तो पिकदाणीत थुंकला आणि एका कागदावर गुण मांडत म्हणाला, "ह्याचं पाणी जड हाय. सहा." दुसऱ्याला म्हणाला, "ही बाटली उनात राहिलीया. चार." दिनकरनं कपाळाला हात लावला; ती त्यानं मुद्दाम दोन दिवस उन्हात ठेवली होती. पाचवा पेला झाल्यावर अण्णा हसला. "तीन आन पाच एकच हाय की रे. मला फसवतूस व्हय?" दिनकर माझ्याकडे वळून म्हणाला, "शकू, आमच्याकडं शिकलेली चार माणसं आहेत. एकालाही हे जमलं नव्हतं." मला अभिमान वाटला. पण हा आता जाणार, हेही त्याच क्षणी कळलं.

सहावा पेला अमेरिकेचा. तिकडे कॅलिफोर्नियात कुणी लहानशा जागेत, थोडी थोडी करून काढलेली ती बिअर होती. दिनकरनं तिच्या दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. गढूळ, तांबूस, आणि वास असा की मी दारात उभी होते तिथवर आला. अण्णानं नाक पेल्यात घातलं. "संत्र्याची साल... आन राळ." मग घोट घेतला. त्याचा चेहरा कसानुसा झाला, मानेची शीर ताठली. मी पिकदाणी पुढे सरकवली. त्यानं ती हातानं मागे सारली... आणि गिळलं. मी त्याला चाखलेलं काही गिळताना प्रथमच पाहत होते.

"लई कडू हाय," तो म्हणाला. "खराब झालीया का?"

"नाही रे. हॉप्स म्हणून एका वेलाची फुलं असतात, ती भरपूर घालतात. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"अरे, कडू किती आणि कसं यावर तिकडं लोक वाद घालतात. गुण देतात."

अण्णानं पेला पुन्हा नाकाशी नेला. "मी हितं जलमभर कडू येचून टाकतोय," तो म्हणाला, "आन तितं मुद्दाम घालत्यात." मग त्यानं उरलेला पेला सावकाश पिऊन टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दिनकरनं गुण विचारले तर म्हणाला, "थांब की. ह्याला घाई नगं." दिनकर दुसऱ्या दिवशी गेला. जाताना दुसरी बाटली अण्णापाशी ठेवून गेला.

महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. आणि नेमकं त्याच सुमाराला मला अक्कलकोटचं स्थळ आलं. देवस्थानाच्या कामातलं घराणं, सोवळंओवळं कडक. मुलीचा भाऊ दारूच्या कारखान्यात जाणार अशी कुणकुण त्यांना लागली आणि त्यांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला की तसं असेल तर आमचा विचार धरू नका. आई रडली नाही, ओरडली नाही, नुसती जेवायची थांबली. तिसऱ्या दिवशी अण्णा पत्र हातात घेऊन माझ्यापाशी आला. मी तांदूळ निवडत होते. "शकू, तू काय म्हंतीस?" त्यानं विचारलं. मी मान वर केली नाही. म्हणाले, "मला काय इचारतूस? तुजं तू बघ."

असं बोलणाऱ्या बहिणीला काय हवं असतं, ते कुठल्याही भावाला कळतं. मला लग्न हवं होतं. मी चोवीस वर्षांची होते, दोन स्थळं मोडलेली होती, आणि मला भीती वाटत होती. हे सगळं खरं आहे. पण 'जा' एवढा एकच शब्द माझ्यापाशी होता आणि तो मी दिला नाही, हेही तितकंच खरं आहे. अण्णानं पत्राची घडी केली, औषधांच्या डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर धरली. पुढची तीस वर्षं तो तीच धरत राहिला. आणि गंमत ऐका. ज्या घराण्याच्या सोवळ्यासाठी हे झालं, त्याच घराण्यातला माझा नवरा पुढे परमिट काढून मित्रांत बसायला लागला. हे मी अण्णाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मला मात्र हसू आलं नाही.

त्यानं लग्न केलं नाही. बिनमिरचीचा स्वयंपाक कोण करंल, म्हणून उडवून लावायचा. गिरणी बंद पडली, आई गेली. ती बाटली मात्र त्याच्या कपाटात वरच्या फळीवर होती तिथंच होती. एकदा मी विचारलं, "अण्णा, उगडत का न्हाईस?" म्हणाला, "उगडली की गुण द्यावं लागतील." दोन वर्षांपूर्वी तापात त्याच्या तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. पुढच्या भेटीत त्यानं स्वतःहून शेंगाचटणी मागितली. भाकरीबरोबर मूठभर खाल्ली, घाम आला, नाक गळायला लागलं आणि तो म्हणाला, "आता सुटलो की गं." मी बाटलीकडे बोट दाखवलं. "आता ती उगडून काय? मला काय कळतंय त्यातलं?"

गेल्या आठवड्यात खोली रिकामी करायला गेले. औषधांच्या डब्यात ते पत्र होतं, आणि त्याला टाचलेला त्या रविवारचा गुणांचा कागद. सहा, चार, सात, पाच, सात. सहाव्या पेल्यापुढे नुसती रेघ ओढलेली आणि जागा कोरी. मी खिडकी लावली. उदबत्ती लावली नाही. एक पेला गरम पाण्यानं धुतला, भाकरीचा कोरडा पापुद्रा चावला, चूळ भरली, पिकदाणी शेजारी ओढून घेतली आणि बाटली उघडली. फेस नव्हता. संत्र्याची साल गेली होती, राळ गेली होती, नुसता ओल्या जुन्या कागदाचा वास येत होता. घोट घेतला. कडूपणा मात्र होता, सगळ्याच्या तळाशी. पिकदाणी हाताशी होती... मी ती मागे सारली आणि गिळलं.

कागदावरची जागा मी कोरीच ठेवली आहे. तिथं आकडा लिहायचा माझा अधिकार ज्या दिवशी मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले, त्या दिवशीच गेला.