बाहेरून उभं, आतून आडवं

अन्याय झाला तो माझ्या आईवर. सर्वपित्री अमावस्येला, सकाळी सव्वादहा वाजता, मारुंजीतल्या एका सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर. वेळ पक्की सांगते, कारण मी तिथेच उभी होते, हातात ओलं फडकं घेऊन, आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं.

आम्ही नांदे गावच्या. आई बरीच वर्षं मारुंजीत घरकाम करते, मी कामवाल्या बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. घट बसायच्या आधी प्रत्येक घराला काचा चकचकीत हव्या असतात. एकटीला ते उरकत नाही, म्हणून त्या आठवड्यात मी आईबरोबर जात होते.

काच पुसावी तर आईनं. मारुंजीत कामाला येणाऱ्या निम्म्या बायका तिच्याकडून शिकल्या. आधी कोरडी धूळ झाडायची, नाहीतर पाणी लागलं की तिचा चिखल होतो. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोनच थेंब. जास्त झाला की ओघळ राहतात. वायपरचं रबर दर फेरीला पुसायचं. कडा जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरड्या करायच्या. काचेवर ऊन असताना हात लावायचा नाही, पाणी जागच्या जागी वाळतं. आणि तिचा स्वतःचा नियम: आतून आडवं पुसायचं, बाहेरून उभं. रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. "न्हाईतर आतनं घासत बसतीस आन् डाग असतुया बाहेर," आई म्हणायची. "लोकं म्हणत्यात, ही काय काचंला पाजळतीया का काय."

त्या घरातली हॉलची खिडकी भिंतीएवढी होती. अर्धी काच सरकते, अर्धी कायमची बसवलेली. बसवलेल्या काचेच्या बाहेरच्या अंगाला आतून हात पोचत नाही. बाहेर पाय ठेवायला वीतभर सिमेंटचा पट्टा, त्याच्याखाली अकरा मजले. जाळी नाही. जाळीनं इमारत वाईट दिसते, असा सोसायटीचा नियम!

आम्ही नऊला पोचलो. रात्रभर एसी चालू होता, बाहेर हवा दमट, त्यामुळे काच बाहेरून धुरकटली होती. आईनं पडदा सारला आणि ती थांबली.

त्या धुरकटपणात एक हात उमटला होता. पाचही बोटं फाकलेली. तिथून चार रेघा सरळ खाली घसरत गेल्या होत्या.

मी माझा हात त्याच्यावर ठेवून बघितला. माझ्या तळव्याखाली काच कोरडी होती. तो हात पलीकडचा होता.

"तेलकट हात हाय," आई म्हणाली. "वर सज्जा हाय, पाऊस लागत न्हाई हितं. राहतुया महिना महिना."

मग तिनं मला त्या हाताच्या डावीकडे बघायला लावलं. काच उभ्या पट्ट्यांत पुसलेली होती, वरून खाली, एकाला एक लागून. शेवटचा पट्टा अर्ध्यावर तुटला होता. त्यापुढची काच मळकीच.

"ही माझी पद्धत हाय," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

तिच्या आधी त्या घरी माले गावची एक बाई कामाला होती. आईनंच तिला आणलं, आईनंच शिकवलं. महिन्याभरापूर्वी ती यायची बंद झाली, फोन उचलेना. घरच्या मॅडम म्हणाल्या होत्या, न सांगता गावाला गेली. घर आईकडे आलं.

आम्ही आतली बाजू पुसली. ऊन वर आलं तशी बाहेरची वाफ विरली आणि हातही गेला. काचेत नुसतं आभाळ. मी दोनदा वळून बघितलं. तो तिथेच आहे हे माहीत असताना न दिसणं जास्त वाईट होतं.

सव्वादहाला मॅडम मीटिंग संपवून बाहेर आल्या.

"मावशी, बाहेरून काच मळकी दिसतेय. जरा पाय टाकून पुसून घ्या ना. आधीची करायची."

"मग तिलाच बोलवा की," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे मी न्हाई जायची. खिडकी तुमची हाय, मान माझी हाय."

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. उद्यापासून येऊ नका." आम्ही खाली येईपर्यंत गेटवरच्या वॉचमनच्या फोनमध्ये, सोसायटीच्या ॲपवर, आईचं नाव लाल झालं होतं. "मावशी, तुमची हितली बाकीची तीन घरंबी बंद दाखवतंय," तो म्हणाला. कारणाच्या जागी लिहिलं होतं: उद्धट, कामचुकार.

पुढच्या रविवारी आम्ही पौडच्या पुढे माल्याला गेलो. ती बाई दारात बसून करडांना पाला घालत होती. आत भिंतीवरचा आरसा उलटा टांगलेला दिसला, तोंड भिंतीकडे.

"काय गं, जावई मेला का तुझा, आरसा पालथा घातलास?" आई वातावरण हलकं करायला बोलली.

ती हसली नाही. "आक्का, त्या दिशी काचंत माझंच तोंड दिसत व्हतं. मागं नुसतं आभाळ. तोल गेला तवा मी काचंला हात लावला, तर तिनंबी आतनं लावला. वाटलं, आता धरंल मला. तिनं न्हाई धरलं. माझ्याकडं बघत बघत माझ्यासंगट खाली सरकली." सरकत्या काचेची चौकट दुसऱ्या हाताला लागली, म्हणून ती वाचली. "आता आरशात बघितलं की पायाखालची जमीन जाती."

"बाहेरनं उभं पुसायचं, मीच शिकवलं तुला," आई म्हणाली.

"उभं पुसायला वर बघावं लागतंय, आक्का. वर बघितलं की पाय कुटं हायेत ते कळत न्हाई."

मी विचारलं, मॅडमला सांगितलंस का.

"सांगितलं की. पाणी दिलं मला. म्हणल्या, उद्या चप्पल काढून कर."

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असताना त्यांनी माझ्या आईला सांगितलं, जरा पाय टाका.

आता त्या घरी तिसरी बाई जाते. मी तिला गेटबाहेर गाठलं. बाहेरच्या काचेचं सांगितलंय का, विचारलं. "सांगितलंय ना," ती म्हणाली. "दिवाळीच्या आत करायची." तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझं नाव लाल झालं तर?" ते थांबवणं तिच्या हातात नाही, माझ्याही नाही. ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांच्या हातात आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईला उद्या सकाळी, तिनं काही विचारायच्या आधी, स्वतःच्या तोंडानं सांगा: जिथं आतून हात पोचत नाही ती काच पुसायची नाही, आणि त्यासाठी तुझं काम जाणार नाही. मग तेच वाक्य तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, खाली स्वतःचा फ्लॅट नंबर घाला. दिवाळीच्या आत.